अंगठा वर की खाली

माझ्या धाकट्या जावेच्या अंगात वारा यायला लागला, तेव्हा आधी मला रागच आला. थोरली मी. देवीच्या देवळात वर्षानुवर्षं वाती वळते मी, झाडलोट करते मी, आणि देवी यायची ती सुगंधाच्या अंगात! हसू नका. मनात आलं ते आलं, आता सांगायला बसलेय तर लपवू कशाला?

मी किशोरी. मसुऱ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी आमची वाडी. घर एक, चुली दोन. एक माझी, एक सुगंधाची. माझे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी जामसंड्याला दिलेली, म्हणून माझी चूल बहुतेक थंडच असते. जेवायला मी सुगंधाकडे. तिचा नवरा गुरुप्रसाद, म्हणजे माझा दीर, ट्रॉलरवर खलाशी. आठवडाभर समुद्रात, मग दोन दिवस घरी. सुगंधा स्वभावाने गरीब, बोलणं कमी. तिच्या वाटणीचंही मीच बोलते असं वाडीत म्हणतात. म्हणोत बापडे.

शिमगा नुकताच झाला होता. शुक्रवारची आरती संपली, सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले, आणि सुगंधा डुलायला लागली. आधी पुढे, मग मागे, मग पाय फाकवून गोल गोल, आणि शेवटी धाडकन मथुराकाकीच्या अंगावर. ही मथुराकाकी म्हणजे आमची शेजारीण, वाडीची आकाशवाणी. ती सुगंधाखालूनच ओरडली, "वारो इलो गो! सुगंधाक वारो इलो!"

झालं. दुसऱ्या शुक्रवारी ओटी घेऊन बायका हजर. सुगंधाने डोळे मिटले की डुलणार, हे ठरलेलंच. मथुराकाकीने म्हशीचं विचारलं, "बाये, म्हस कधी व्यातली?"

"माका काय म्हायत?" सुगंधा म्हणाली.

"बघलास? देवी म्हणता, वाट बघ!" काकीने सगळ्यांना समजावून सांगितलं. म्हैस तिच्या वेळेला व्यायली आणि सुगंधाचं नाव आजूबाजूच्या गावांत गेलं. सुगंधाला हे आवडत होतं की नाही, देव जाणे. बायका पाया पडायच्या, ती खांबाला धरून नुसती खाली बघत राहायची.

माझ्या लेखी या वाऱ्याची विकेट पडली ती न्हाणीत. एका सकाळी तांब्या आपटल्याचा आवाज आला, धावत गेले, तर ही फरशीवर बसलेली, तोंडभर साबणाचा फेस.

"काय झाला गो?"

"तोंडाक साबण लावलंय, डोळे मिटलंय, आणि पडलंय."

आता मला सांगा, देवी न्हाणीत येईल? साबणाच्या फेसात? तिला काही मानपान आहे की नाही? माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा किडा वळवळला आणि मी हिच्यावर पाळत ठेवली. चालताना ही समोर बघायचीच नाही, आपल्या पायांकडे बघायची. पाय टाकायची ते बोटीवर उभं राहिल्यासारखे, लांब लांब. अंगणात एक चप्पल पायातून सुटली तरी तशीच घरात आली, तिला पत्ताच नाही. तिन्हीसांजेला दिवे लागायच्या आधी भिंत धरून चालायची. पायात काही दोष म्हणावा, तर पेजेचा थेंब पावलावर उडाला तेव्हा चांगली किंचाळली. मग बधिर कसे म्हणायचे? माझी मतीच गुंग झाली. मी सरळ तिला रिक्षात घातलं आणि कुडाळला नेलं.

डॉक्टरीणबाईंचं नाव भक्ती. वयाने माझ्या मुलीएवढी, पण जिभेने माझ्यासारखी, त्यामुळे आमचं लगेच जमलं. तिने सुगंधाला टेबलावर झोपवलं, डोळे मिटायला लावले, आणि उजव्या पायाचा अंगठा दोन बाजूंनी चिमटीत धरला.

"मी अंगठा वर करते की खाली, एवढंच सांगायचं."

तिने अंगठा वर केला. सुगंधा म्हणाली, "करा."

"केला."

"खंय?"

डॉक्टरणीने तो खाली केला, परत वर केला. सुगंधा आपली वाट बघत पडलेली. मग अंदाजाने "वर" म्हणाली, तेव्हा तो खाली होता. लोखंडाचा एक दोन बोटांचा चिमटा असतो, तो वाजवला की गुणगुणतो. तो घोट्याच्या हाडावर टेकवला, तिला काही नाही. गुडघ्यावर, काही नाही. कमरेवर टेकवला तेव्हा म्हणाली, "वायच कायतरी थरथरता." हातात किल्ली ठेवली, तर म्हणे काडी आहे. पण टाचणी टोचली की "आई गे!" आणि थंडगार वाटी लावली की "थंड आसा." माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. हात तिचा, पाय तिचा, आणि तिलाच ठावठिकाणा नाही!

"काकी, तुम्ही डोळे मिटा," डॉक्टरीण मला म्हणाली. "आता नाकाला बोट लावा."

मी लावलं. बरोब्बर शेंड्यावर.

"कसं सापडलं?"

"माझं नाक मला सापडणार नाही तर काय मथुराकाकीला?"

ती हसली, पण तिने सोडलं नाही. "बघितलं नाहीत, चाचपडला नाहीत. हात कुठे आहे, कोपर किती वाकलंय, बोट कुठल्या दिशेला आहे, हे तुम्हाला कोण सांगतंय?"

साठीला आले, रोज घास तोंडात जातो, अंधारात कडी सापडते, पाठीमागे हात नेऊन अंबाडा बांधते. कोण सांगतं? मी कधी विचारलंच नव्हतं. तुम्ही आता हे वाचताय, तुमचे पाय कुठे आहेत? बघू नका. माहीत आहे ना? कसं?

मग तिने कागदावर पाठीचा कणा काढून दाखवला. म्हणाली, स्नायूंत, सांध्यांत, कातडीखाली बारीक बारीक टोकं असतात, ती सारखी वर कळवत असतात, झोपेतसुद्धा. पायाच्या अंगठ्यापासून एक धागा निघतो. पायातून कमरेत, कमरेतून कण्याच्या मागच्या भागातून सरळ वर, मानेच्या मागे कवटीच्या तळापर्यंत. मध्ये गाठ नाही, जोड नाही. एकच पेशी.

"एकच?" मी विचारलं. "पायापासून मानेपर्यंत?"

"एकच. तुमच्या अंगातली सगळ्यात लांब. तिथे ती निरोप दुसऱ्या पेशीला देते, ती बाजू बदलते, आणि डाव्या पायाचा निरोप मेंदूच्या उजव्या अर्ध्यात जातो. डोळा मिटायच्या आत. दुखणं आणि थंड-गरम यांची वाट वेगळी, ती कण्यात शिरल्यावर थोड्याच अंतरात बाजू बदलते. यांची ती वाट शाबूत आहे. ही मागची खराब झालीय. म्हणून डोळे उघडे असले तर बघून तोल सांभाळतात, मिटले की पाय हरवतात."

मी माझ्या जावेकडे बघितलं. बारीकशी बाई, रापलेले पाय, टाचांना भेगा. तिच्या आत, माझ्या आत, त्या मथुराकाकीच्यासुद्धा आत, अंगठ्यापासून मानेपर्यंत एक अख्खा न तुटलेला धागा. माझ्या अंगावर काटा आला. गाभाऱ्यात दिवा लावताना कधी कधी येतो ना, तसाच आला, खोटं कशाला सांगू?

"मासे खाता का?" डॉक्टरणीने विचारलं, आणि सगळं तिथे उलगडलं.

सहा-सात वर्षांपूर्वी वादळात गुरुप्रसादचा ट्रॉलर सापडला होता. ना फोन, ना खबर. सुगंधा देवीपुढे जाऊन बसली आणि देवीशी काहीतरी बोलली. गुरुप्रसाद आला, रत्नागिरीच्या बंदरात सुखरूप निघाला, आणि त्या दिवसापासून हिने मासे, मटण, अंडं, सगळं सोडलं. हिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला लोक वाट वाकडी करून येतात, आणि ही स्वतः डाळभात खाते. दूध तिला आधीपासून चालत नाही, चहा कोरा. वर पित्ताच्या गोळ्या, दुकानातून आणून वर्षानुवर्षं घेतलेल्या.

"म्हणजे बी-बारा कुठून मिळणार?" डॉक्टरीण म्हणाली. "त्या धाग्यावर वेष्टन असतं, वायरीवर प्लॅस्टिक असतं तसं. बी-बारा नसलं की ते झिजतं. रक्त तपासू, पण मला खात्री आहे. इंजेक्शनं लगेच सुरू करायची."

"सुयेत मासो नाय मा?" सुगंधाने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं.

"नाही. तुमचं व्रत तुमच्याकडे. पण ऐका, आता सुरू केलं तर बरंच परत येईल. आणखी काही महिने असेच घालवलेत तर धागाच मरेल. मग मी सुया दिल्या काय आणि न दिल्या काय, काठीशिवाय चालता येणार नाही, पुढे काठी धरायला हातही उरणार नाहीत."

रक्ताचा रिपोर्ट आला, डॉक्टरीण म्हणाली तेच निघालं. आणि ही बया घरी येऊन म्हणते, "माका सुयो नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शिरा पडली तुझ्या तोंडार! कित्याक नको?"

ती आपल्या पायांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "वयनी, मी देवीकडे काय बोललंय ता तुका म्हायत आसा?"

"मासे सोडतलंय म्हणान बोललंस."

"नाय. मासे मी माझ्या मनान सोडलंय. मी बोललंय, माझा काय व्हया ता घे, पण तेका परत दी. तिना काय घेतल्यान ता माका आता कळला. पाय घेतल्यान." तिने पदर तोंडाला लावला. "आता मी सुयो घेवन पाय परत आणलंय, तर ती तेका परत मागतली. तो अजून बोटीर जाता, वयनी."

तिला वेडी म्हणायला मी कोण? त्याच देवीपुढे मीही पदर पसरतेच की! पण मला भयंकर भीती वाटली. ही माझ्या डोळ्यांदेखत पाय हरवून बसणार, आणि मी भात वाढून घेऊन जेवत बसणार? पुढचे दिवस मी तिला समजावलं, शिव्या दिल्या, अबोला धरला, माझाच अबोला मला सहन न होऊन परत शिव्या दिल्या. तिचं आपलं एकच, नको. तेवढ्यात ब्लाउजचे हूक तिला बघितल्याशिवाय लावता येईनात. ते मी लावायला लागले.

गुरुप्रसाद बोटीवरून आला, त्या दुपारी मी त्याला पडवीत बसवून सगळं सांगितलं, तिच्या देखत. तो तिच्या पायांवर नजर ठेवून ऐकत राहिला. "माका आधी कित्याक सांगूक नाय?" एवढंच तिला म्हणाला. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. त्या सुपाकडे बघून माझं डोकं असं सणकलं, की मी तिच्या समोरचं सूप ओढून बाजूला केलं.

"डोळे मीट."

"कित्याक?"

"मीट म्हणतंय मा!"

मिटले तिने. बसलेली होती, पडायची भीती नव्हती. मी तिचे दोन्ही हात ओंजळीसारखे धरले आणि गुरुप्रसादला खूण केली. त्याने आपला हात तिच्या ओंजळीत ठेवला. दोरखंड ओढून ओढून राठ झालेला, मधल्या बोटाला वाक आलेला हात. हजार हातांत ओळखू यावा असा.

"काय आसा सांग," मी म्हटलं.

तिने ओंजळ वरखाली केली. बोटं जरा मिटली, जरा उघडली. कपाळाला आठ्या घातल्या. जत्रेत मूल हरवल्यावर आई शोधते तसं तिचं तोंड झालं होतं.

"गरम आसा," ती म्हणाली. "भाकरी?"

गुरुप्रसादने हुंदका दिला, तेव्हा तिने डोळे उघडले. ओंजळीत बघितलं. त्याच्याकडे बघितलं. मग तो हात तिने घट्ट धरला, दाबला, गालाला लावला, परत दाबला.

"वयनी," ती म्हणाली, "माका ह्येचो हात कळणा नाय."

माझ्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचंही मला सुचत नव्हतं.

"ह्येका मी मागान घेतलंय," ती परत म्हणाली, "आणि ह्येचोच हात माका कळणा नाय."

थोड्या वेळाने ती उठली. एक हात भिंतीला, एक त्याच्या खांद्यावर, अशी देवळात गेली. मी मागोमाग. तिने खांब धरला, आणि डोळे मिटले नाहीत. देवीकडे सरळ बघून, शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "मासे तुका दिलंय ते दिलंय. जन्मभर खावचंय नाय. पण पाय माझे माका व्हये. आणि तेका हात लावशीत तर बघ!" सुगंधा हे बोलली! मथुराकाकी दारात होती, तिच्या हातातली फुलं पडली.

दुसऱ्या दिवसापासून सुया सुरू झाल्या. आधी रोज, मग आठवड्याला. सुरुवातीला काहीच फरक नाही. डॉक्टरीण म्हणाली, धागा हळू भरतो, घाई करू नका, आणि सगळं परत येईलच असंही नाही. गुरुप्रसाद बोटीवर गेला की सुगंधा दर तासाला फोन बघायची, आणि तो परत आला की दोन दिवस त्याच्याकडे नुसती बघत बसायची. पुढच्या खेपेलाही तो आला. त्याच्या पुढच्याही. मग हळूहळू तिचा चेहरा सैल झाला.

मी मात्र त्या काळात वेडीच झाले होते. रात्री अंथरुणात पडून एक एक बोट हलवायची आणि त्याचा निरोप वर जाताना पकडता येतो का बघायची. नाही पकडता येत. हलवलं म्हणेपर्यंत पोचलेला असतो. पाटावर बसले की पाटाची कड कळते, साडीचा काठ पोटरीला कळतो, वारा आला की हातावरचा एक एक केस कळतो. एवढं सगळं माझ्याकडे जन्मापासून येतंय, आणि मी आपली शेजारणीच्या म्हशीची चौकशी करत बसलेय! एकदा तर भाकरी थापताना तळव्याखालचं पीठ फिरलेलं कळलं आणि मी थांबूनच राहिले. भाकरी वाळली. सुगंधा म्हणाली, "वयनी, तुका काय झाला?" काय सांगणार, कप्पाळ!

आषाढात लावणी आली. आमचे दोनच कुणगे, म्हणजे भाताचे छोटे वाफे, घरामागे. मी आणि दोन बायका सकाळपासून वाकून रोपं लावत होतो. सुगंधाला मी बजावून ठेवलं होतं, पडवी सोडायची नाही. आता ती घरात भिंतीशिवाय चालायची, पण नजर पायांवरच. आणि चिखलात नजर काय कामाची? गुडघ्याएवढा गढूळ रबरबाट. आपले पाय आपल्यालाच दिसत नाहीत.

मी कंबर सरळ करायला वर बघितलं, तर ही मेरेवर, कुणग्याच्या बांधावर, उभी. साडी खोचलेली, हातात रोपांची जुडी.

"सुगंधा! फाटी जा! चिखलात पाय दिसणत नाय तुका!"

"दिसूक कित्याक व्हये?" ती म्हणाली, आणि उतरली.

माझ्या जिवाचं पाणी झालं. तिने एक पाय रोवला, दुसरा उपसला, पुढे टाकला. खाली बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग वाकली, एक रोप लावलं. दुसरं लावलं. मागे सरकली, तिसरं लावलं. ओळ सरळ. बायकांनी हात थांबवले. पाऊस पडत होता, पण मला फक्त तिचे पाय चिखलातून उपसले जाण्याचा आवाज ऐकू येत होता.

मध्येच ती थांबली. हात अधांतरी, अंग ताठ. आता पडणार! मी चिखल तुडवत तिच्याकडे धावले आणि तिचा दंड धरला.

"सोड गो," ती म्हणाली. तोंडावर पाणी ओघळत होतं, आणि डोळे मोठे झाले होते. "वयनी, हंय दगड आसा."

"खंय?"

"हंय. माझ्या डाव्या पायाखाली. बारको. वायच गुळगुळीत आसा."

मी वाकले, तिच्या पोटरीला धरून हात चिखलात घातला, घोट्यावरून खाली नेला, पावलाखाली सरकवला. आंब्याच्या बाठ्याएवढा दगड माझ्या बोटांना लागला. बारका. गुळगुळीत. माझा हात तिच्या पायाखाली होता आणि तो पाय त्या काळोख्या चिखलातून वर तिच्या मानेपर्यंत आणि तिथून तिच्या कपाळामागे सांगत होता, इथे दगड आहे. मी तशीच वाकून, तिच्या गुडघ्याला कपाळ टेकून मोठ्याने रडले.

"अगो रडतस काय अशी?" सुगंधा म्हणाली. "काढ तो भायर. उद्या कोणाच्या तरी पायाक लागात."